'प्रिय मित्र' : वर्ध्याच्या पत्त्यावरून हिटलरला लिहिलेली दोन पत्रे

प्रश्न असा आला आहे : "गांधीजींनी हिटलरला 'प्रिय मित्र' असे संबोधून युद्ध टाळण्याची विनंती केली होती, हे खरे आहे का? ते पत्र हिटलरच्या हाती पडले का? आणि अशा माणसाला असे पत्र लिहिणे हा निव्वळ भाबडेपणा नव्हता का?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एका ओळीत देता येतात. पत्र खरे आहे आणि ते पोहोचले नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र इतक्या घाईने हात घालू नये, कारण 'भाबडेपणा' हा शब्द आपण बहुधा त्या पत्राच्या मायन्यावरून वापरला आहे, आणि मायन्यावरून पत्र जोखण्याची सवय माझ्या व्यवसायाने मला सोडायला लावली. तीसहून अधिक वर्षे मी आधुनिक इतिहास शिकवला, आणि त्यातला मोठा भाग जुना पत्रव्यवहार वाचण्यात आणि विद्यार्थ्यांकडून वाचून घेण्यात गेला. पत्र समोर आले की आधी तारीख पाहायची, मग ठिकाण, मग ते कोणाच्या टपालातून जाणार होते ते, आणि मजकुराचा अर्थ लावायचा तो या तिन्हींनंतर, हा क्रम मी वर्गात घोटून घेत असे. या प्रकरणात तो क्रम चांगलाच उपयोगी पडतो.

तारीख पाहिली की पहिला घोटाळा उघड होतो. गांधीजींनी हिटलरला एक नाही, दोन पत्रे लिहिली. पहिले २३ जुलै १९३९ चे, म्हणजे जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसण्याच्या चाळीस दिवस आधीचे. दुसरे २४ डिसेंबर १९४० चे. तोपर्यंत पोलंड, डेन्मार्क, नॉर्वे, हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्स पडले होते आणि लंडनवर बॉम्बवर्षाव चालू होता. पहिले पत्र युद्ध टाळण्यासाठी आहे, दुसरे चालू युद्ध थांबवण्यासाठी. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत मात्र बहुतेक वेळा पहिल्या पत्राचा फोटो असतो आणि त्याखाली दुसऱ्या पत्रातले एक अर्धे विधान असते : तुमचे विरोधक रंगवतात तसे तुम्ही राक्षस आहात असे आम्ही मानत नाही. हे विधान खरोखरच पत्रात आहे. पण त्याच्या लगेच पुढचे वाक्य 'परंतु'ने सुरू होते आणि सांगते की तुमची स्वतःची लिखाणे व भाषणे पाहता तुमची अनेक कृत्ये राक्षसी आहेत याविषयी शंकेला जागा उरत नाही. 'परंतु'च्या अलीकडे कात्री लावली की कोणत्याही माणसाला काहीही ठरवता येते.

आता ठिकाण. पहिल्या पत्राच्या शिरावर वर्धा, मध्य प्रांत, असा पत्ता टंकलेला आहे. पण त्याआधी इंग्रजीतले दोन छोटे शब्द आहेत, ज्यांचा अर्थ 'कायमचा पत्ता' असा होतो. त्या जुलैमध्ये गांधीजी वर्ध्यात नव्हते. ते सरहद्द प्रांतात, आज पाकिस्तानात असलेल्या अबोटाबादला होते. पत्ता आश्रमाचा दिला तो उत्तर आले तर यावे म्हणून. आश्रमाच्या गावाचे नाव तेव्हा अजून सेवाग्राम झाले नव्हते. ते शेगाव होते, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या गजानन महाराजांच्या शेगावशी गल्लत होऊन टपाल चुकीच्या गावी जाई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव बदलण्यात आले. पत्रे चुकतात म्हणून गावाचे नाव बदलणाऱ्या माणसाचे सर्वांत गाजलेले पत्र मात्र पत्ता अचूक असूनही पोहोचले नाही, ही गोष्ट मला नेहमी थोडी विचित्र वाटते.

पत्र एका पानाचे आहे. मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात त्याची प्रत मांडलेली आहे, ती जमल्यास प्रत्यक्ष पाहावी, कारण छापील संग्रहात जे हरवते ते तिथे दिसते : पान किती मोकळे आहे हे. वर पत्ता व तारीख, मग 'प्रिय मित्र', मग मोजून सात वाक्ये, सही, आणि तळाशी डाव्या बाजूला 'हेर (म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) हिटलर, बर्लिन, जर्मनी' एवढेच. ना रस्ता, ना कार्यालय, ना 'फ्यूरर', ना 'चॅन्सेलर'. मित्र म्हणताना हात आखडला नाही, पण पदवी एकही दिली नाही, हे माझ्या मते पाहण्यासारखे आहे.

सात वाक्यांचा आशय मी माझ्या मराठीत देतो. मानवजातीसाठी तुम्हाला लिहावे असा आग्रह मित्र मला करीत आले आहेत. पण माझ्याकडून पत्र जाणे हा आगाऊपणा ठरेल असे वाटल्याने मी तो आजवर मानला नाही. आता मात्र आतून कोणीतरी सांगते आहे की मी हिशेब करीत बसू नये आणि जी काय किंमत असेल ती असो, पण विनंती करावीच. जे युद्ध मानवजातीला रानटी अवस्थेला नेऊ शकेल ते टाळू शकणारी जगातली एकमेव व्यक्ती आज तुम्ही आहात, हे स्पष्ट आहे. एखादे उद्दिष्ट तुम्हाला कितीही योग्य वाटत असले, तरी त्यासाठी ही किंमत मोजलीच पाहिजे का? ज्याने युद्धाचा मार्ग जाणूनबुजून टाळला, आणि ज्याला त्यात बरेच यशही आले, अशा माणसाची विनंती तुम्ही ऐकाल का? लिहिण्यात माझी चूक झाली असेल तर तुम्ही क्षमा कराल असे मी धरून चालतो. खाली, 'आपला प्रामाणिक मित्र'.

मी वर्गात हे पत्र नाव झाकून वाचायला देत असे आणि कोणाला लिहिले असेल ते ओळखा, असे सांगत असे. बहुतेक जण 'व्हाइसरॉय' म्हणत. एका वर्षी एका मुलीने चौथ्या वाक्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "सर, हे ज्याला लिहिले आहे, त्याच्यावर आरोप आहे यात." तिचे बरोबर होते. १९३९ च्या उन्हाळ्यात युरोपातले अनेक शांततावादी युद्धाच्या शक्यतेची जबाबदारी वाटून टाकण्यात गुंतले होते : व्हर्सायचा तह अन्याय्य होता, वसाहतींची वाटणी विषम होती, दोन्ही बाजू शस्त्रे वाढवत होत्या. यातले एकही कारण गांधीजींच्या पत्रात नाही. युद्ध टाळू शकणारा एकच माणूस आहे असे म्हणणे म्हणजे युद्ध आणणाराही तोच एक आहे असे म्हणणे. फक्त ते इतक्या सौम्य शब्दांत म्हटले आहे की घाईत वाचणाऱ्याला ती स्तुती वाटते. पाचव्या वाक्यातले 'तुम्हाला वाटत असले तरी' हेही तसेच. लिहिणाऱ्याला ते उद्दिष्ट योग्य वाटत नाही, हे त्यात न बोलता बोललेले आहे.

तिसऱ्या वाक्यातला 'हिशेब' हा शब्दही सहज पुढे जाण्यासारखा नाही. आश्रमातल्या पैशापैशाचा हिशेब ठेवणारा, सत्याग्रहाची वेळ, जागा आणि मुद्दा महिनोन् महिने तोलून ठरवणारा हा माणूस इथे लिहितो की हिशेब करू नये. म्हणजे हिशेब त्याने केलेला होता आणि उत्तर शून्य आले होते. भाबड्या माणसाला आपल्या पत्राने फरक पडेल असे वाटते. या पत्राच्या लेखकाला तसे वाटत असल्याची खूण मला सात वाक्यांत कुठेही सापडत नाही.

आता तो मायना. आपल्याकडच्या जुन्या पत्रांची ज्यांना सवय आहे त्यांना याचे फारसे नवल वाटू नये. पेशवाईतल्या पत्रांत ज्याच्याशी उद्या तलवारीची गाठ पडायची त्यालाही 'राजश्री' आणि पुढचे सगळे उपचार लिहिले जात, आणि खरा मतलब 'विनंती विशेष'च्या पुढे सुरू होई. पण ही तुलना मी इथेच थांबवतो, कारण गांधीजींनी स्वतःच ती मोडून काढली आहे. दुसऱ्या पत्राची सुरुवातच अशी आहे की मी तुम्हाला मित्र म्हणतो तो उपचार नाही, मला कोणी शत्रूच नाही. हा शब्द ते कसा वापरत हे पाहायचे असेल तर २ मार्च १९३० चे, तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना लिहिलेले पत्र काढावे. तेही 'प्रिय मित्र' असेच सुरू होते. त्यात ब्रिटिश राजवट हा शाप आहे असे गांधीजी सरळ म्हणतात, व्हाइसरॉयचा पगार आणि या देशातल्या सामान्य माणसाची मिळकत यांची तुलना मांडतात, आणि दहाच दिवसांनी, १२ मार्चला, दांडीच्या वाटेला लागतात. ज्यांना हा मायना आला त्यांनी सावध व्हावे, असेच खरे तर म्हणायला हवे.

आता टपाल. १९३९ च्या जुलैमध्ये युद्ध सुरू झालेले नव्हते. मध्य प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, पण टपाल, परराष्ट्र व्यवहार आणि सैन्य दिल्लीच्या हातात होते. हिंदुस्थान सरकारने हे पत्र पुढे जाऊ दिले नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. साम्राज्याचे परराष्ट्र धोरण लंडनमध्ये ठरत होते, आणि ज्याला अधिकृतपणे कोणतेच पद नाही अशा प्रजाजनाने एका परकी सत्ताधीशाशी युद्ध आणि शांतता यांवर थेट बोलावे, ही कल्पनाच दिल्लीला मानवणारी नव्हती. सेवाग्रामच्या आश्रमात जुना टेलिफोन आजही ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून तो बसवून घेतला, असे तिथे सांगतात. सरकारला गांधीजींशी बोलायचे होते; गांधीजींनी इतरांशी बोलावे हे नको होते. ३ सप्टेंबर १९३९ ला याच लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेही इथल्या एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता.

पोहोचले असते तर काय झाले असते? जर-तरचे प्रश्न मी सहसा टाळतो, पण इथे दोन नोंदी अशा आहेत की अंदाज बांधावा लागत नाही. १९ नोव्हेंबर १९३७ ला लॉर्ड हॅलिफॅक्स बेर्ख्तेसगाडेनला हिटलरला भेटले. हे हॅलिफॅक्स म्हणजेच पूर्वीचे आयर्विन, ज्यांच्याशी गांधीजींनी मार्च १९३१ मध्ये करार केला होता. हिंदुस्थानचा विषय निघाला तेव्हा हिटलरने त्यांना सल्ला दिला की गांधींना गोळी घाला. तेवढ्याने भागले नाही तर काँग्रेसच्या डझनभर पुढाऱ्यांना घाला. तरीही नाही तर दोनशे जणांना. ही हकीकत त्या भेटीला हजर असलेल्या ब्रिटिश मुत्सद्द्याने लिहून ठेवली आहे. गांधीजींशी समोरासमोर बसून वाटाघाटी केलेल्या माणसालाच हा सल्ला मिळावा, यावरून सल्ला देणाऱ्याला समोर कोण बसले आहे याचीही फिकीर नव्हती हे दिसते.

दुसरी नोंद अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची. १४ एप्रिल १९३९ ला रूझवेल्ट यांनी हिटलर आणि मुसोलिनी यांना संदेश पाठवून ३१ देशांची नावे दिली आणि त्यांच्यावर हल्ला करणार नाही अशी हमी मागितली. २८ एप्रिलला हिटलरने राइखस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, त्याचे उत्तर दिले. तो एकेक देशाचे नाव वाचत गेला आणि सभागृह हसत राहिले. गांधीजींच्या पत्राच्या तीन महिने आधीची ही गोष्ट. जगातल्या सर्वांत धनाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाच्या विनंतीची ही गत, तर वर्ध्याहून आलेल्या एका पानाची काय झाली असती ते वेगळे सांगायला नको. फार तर ते आणखी एका भाषणात वाचून दाखवले गेले असते.

इथे ब्रिटनच्या जॉर्ज लान्सबरी यांची आठवण काढायला हवी. मजूर पक्षाचे हे माजी नेते आयुष्यभर शांततावादी राहिले आणि शस्त्रबळाच्या प्रश्नावरूनच त्यांनी १९३५ मध्ये पक्षाचे नेतेपद सोडले. एप्रिल १९३७ मध्ये ते बर्लिनला जाऊन हिटलरला प्रत्यक्ष भेटले, आणि त्याला युद्ध नको आहे असा विश्वास घेऊन परतले. ज्याला भाबडेपणा म्हणावे तो मला इथे दिसतो. गांधीजी हिटलरला कधी भेटले नाहीत, आणि त्याला शांतता हवी आहे असे त्यांनी पत्रात लिहिलेले नाही. सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक करारावर सारे लंडन सुटकेचा निःश्वास टाकत असताना 'हरिजन' या आपल्या साप्ताहिकात त्यांनी लिहिले की युरोपने सात दिवसांच्या ऐहिक जगण्यासाठी आत्मा विकला आहे आणि म्युनिकला मिळालेली शांतता हा हिंसेचा विजय आहे. हे वाचलेल्या माणसाला गांधीजी आणि तो करार करणारे ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन एकाच रांगेत बसवता येणार नाहीत. युद्ध पेटल्यावर, सिमल्याला व्हाइसरॉयना भेटून आल्यावर, त्यांनी आपली सहानुभूती इंग्लंड व फ्रान्स यांच्या बाजूने असल्याचे जाहीर केले; वेस्टमिन्स्टर ॲबी आणि पार्लमेंटची इमारत उद्ध्वस्त होईल या कल्पनेने व्हाइसरॉयसमोर बोलताना आपल्याला भरून आले, हेही त्यांनीच त्या निवेदनात लिहिले.

मग गांधीजींकडून चूक झालीच नाही का? झाली, असे माझे मत आहे. पण ती पत्र लिहिण्यात नाही. ती पत्रात काय लिहिले नाही यात आहे, आणि त्यासाठी आठ महिने मागे जावे लागते.

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ ला जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली आणि हजारो ज्यूंना छळछावण्यांत डांबण्यात आले. २६ नोव्हेंबरच्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी ज्यूंच्या प्रश्नावर लेख लिहिला. त्यात त्यांनी म्हटले की मानवतेच्या नावाने एखादे युद्ध कधी न्याय्य ठरू शकत असेल, तर एका सबंध वंशाचा छळ थांबवण्यासाठी जर्मनीशी केलेले युद्ध पूर्णपणे न्याय्य ठरेल. पण माझा कोणत्याच युद्धावर विश्वास नाही. आणि पुढे जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग सांगितला. या लेखाला तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी २४ फेब्रुवारी १९३९ ला जेरुसलेमहून लिहिलेले उत्तर हा या सगळ्या व्यवहारातला मला सर्वांत जड वाटणारा कागद आहे. बुबर गांधीजींचे चाहते होते, म्हणूनच त्यांची तक्रार झोंबते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : हौतात्म्य म्हणजे साक्ष, आणि साक्षीला कोणीतरी पाहणारा लागतो. जिथे माणसे रात्री उचलली जातात, जिथे वर्तमानपत्र छापत नाही आणि शेजारी बोलत नाही, तिथे केलेला त्याग वाऱ्यावर उडून जातो. गांधीजींनी या पत्राला उत्तर दिल्याची नोंद नाही. ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नसावे, असे मानले जाते.

सत्याग्रहाच्या कारागिरीची ज्याला थोडी माहिती आहे त्याला बुबर यांच्या मुद्द्याचे वजन कळेल. मे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात धारासण्याला लाठ्या चालल्या तेव्हा तिथे अमेरिकन वार्ताहर वेब मिलर हजर होता आणि त्याची बातमी जगभर छापली गेली. खटला चालायचा, न्यायाधीशासमोर निवेदन करता यायचे, ते दुसऱ्या दिवशी छापून यायचे, आणि इंग्लंडमध्ये त्यावरून पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारणारे सभासद असायचे. गांधीजींचे तंत्र या सगळ्यावर उभे होते. दडपशाही करणाऱ्या राज्यालाही कुठेतरी लाज वाटावी लागते, यावर उभे होते. डाखाऊच्या छळछावणीत वार्ताहर नव्हता. याच्या उलट दाखलेही आहेत, ते लपवू नयेत : जर्मनव्याप्त नॉर्वेमध्ये १९४२ साली हजारो शिक्षकांनी नाझीधार्जिण्या संघटनेत जायला नकार दिला, हजाराहून अधिक शिक्षकांना अटक झाली, तरी ती संघटना उभी राहू शकली नाही. पण नॉर्वेच्या शिक्षकांना नाझी आपल्याच रक्ताचे मानत होते. वॉर्साच्या ज्यूला ती सवलत नव्हती.

आता दुसरे पत्र. आपण त्याविषयी विचारलेले नाही, पण तेच अधिक महत्त्वाचे आहे. तेही वर्ध्याच्या पत्त्यावरूनच आहे, बरेच लांब आहे, आणि पहिल्यातला संकोच त्यात उरलेला नाही. चेकोस्लोव्हाकियाची मानखंडना, पोलंडवरचा बलात्कार, डेन्मार्क गिळणे, असे शब्द वापरून कृत्ये मोजलेली आहेत. तुमच्या शस्त्रांना यश चिंतणे आम्हाला शक्य नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मग अडचणीचा भाग येतो : ब्रिटिश साम्राज्यशाहीला आमचा विरोध नाझीवादाइतकाच आहे, फरक असलाच तर प्रमाणाचा आहे. हे वाक्य पुष्कळ युरोपीय वाचकांना आजही खुपते. मला ते १९४० च्या हिंदुस्थानातून समजते, पण मान्य होत नाही. काही फरक असे असतात की त्यांना प्रमाणाचा फरक म्हणता येत नाही. मात्र त्याच पत्रात पुढे म्हटले आहे की ब्रिटिश सत्ता जर्मनीच्या मदतीने संपवावी अशी इच्छा आम्ही कधीच करणार नाही. या ओळीनंतर एक महिनाही झाला नव्हता तोच, जानेवारी १९४१ मध्ये, सुभाषचंद्र बोस कलकत्त्याच्या घरातून गुपचूप निघाले आणि काही आठवड्यांत बर्लिनला पोहोचले. एकाच देशाच्या दोन नेत्यांनी एकाच प्रश्नाला एकाच हंगामात दिलेली ही दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.

या पत्रातला युक्तिवाद पहिल्यासारखा केवळ विनंतीचा नाही. विध्वंसाचे शास्त्र तुम्ही पूर्णत्वाला नेले आहे, पण ते कोणाची मक्तेदारी नाही. ब्रिटिशांनी नाही तर दुसऱ्या कोणत्या तरी सत्तेने तुमचीच पद्धत सुधारून तुम्हाला तुमच्याच शस्त्राने हरवल्याशिवाय ती राहणार नाही. आणि तुमच्या लोकांना अभिमान वाटावा असा कोणताही वारसा तुम्ही मागे ठेवत नाही. हे डिसेंबर १९४० मध्ये लिहिले आहे, जेव्हा हिटलर युरोपात अजिंक्य दिसत होता आणि अमेरिका व रशिया दोघेही युद्धाबाहेर होते. गांधीजींच्या भाकितांचा मी भक्त नाही. त्यांची चुकलेली भाकितेही पुष्कळ आहेत. हे मात्र साडेचार वर्षांत खरे ठरले. मागणी तरी काय होती? वादाचे सगळे मुद्दे दोघांच्या संमतीने निवडलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायमंडळापुढे ठेवा. युद्धात जिंकलात तर तुमची बाजू न्याय्य होती हे सिद्ध होणार नाही, विध्वंसाची ताकद जास्त होती एवढेच सिद्ध होईल.

वेळही पाहून निवडलेली होती. १७ ऑक्टोबरला सेवाग्रामपासून जवळच असलेल्या पवनारला विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात केली होती आणि तो सत्याग्रह नाताळापुरता थांबवण्यात आला होता. आम्ही आमचा शांततामय लढासुद्धा या दिवसांत तहकूब केला आहे, मग तुम्ही शांततेचा एक प्रयत्न करावा एवढे मागणे फार झाले का, असे गांधीजी विचारतात. १९३१ मध्ये रोमला मुसोलिनीची भेट झाली होती, तिचा उल्लेख करून हेच पत्र योग्य त्या फेरफारांसह त्यालाही लिहिले आहे असे समजावे, अशी पुस्ती त्यांनी जोडली. हेही पत्र सरकारने जाऊ दिले नाही. आता तर युद्ध चालू होते आणि शत्रुराष्ट्राशी सरळ टपालच बंद होते.

पण या लांब पत्रात चेक आहेत, पोल आहेत, डेन आहेत. ज्यू हा शब्द नाही. पत्र लिहिले त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर १९४० मध्ये, वॉर्साच्या ज्यू वस्तीभोवतीची भिंत बंद करण्यात आली होती. ती बातमी वर्ध्याला कितपत आली असेल हा प्रश्न बाजूला ठेवला तरी १९३८ ची बातमी आलेली होती आणि तिच्यावर गांधीजींनी स्वतः लिहिलेले होते. देशांवरचे आक्रमण त्यांनी हिटलरच्या तोंडावर मांडले, पण माणसांच्या एका समूहाला नाहीसे करण्याचा कार्यक्रम मांडला नाही. या पत्रांवर आक्षेप घ्यायचाच असेल तर तो इथे घ्यावा.

तो घेताना एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी की गांधीजींना ज्यूंची वेदना दुरून माहीत नव्हती. दक्षिण आफ्रिकेतले त्यांचे जिवलग मित्र, गांधीजींच्या तिथल्या टॉलस्टॉय फार्म या आश्रमासाठी जमीन देणारे वास्तुविशारद हेर्मान कालेनबाख हे जर्मनीत वाढलेले ज्यू होते, आणि १९३९ च्या सुरुवातीला ते सेवाग्रामच्या आश्रमात राहायला आले होते. त्या फेब्रुवारीत 'हरिजन'मध्ये गांधीजींनी नाव न घेता लिहिले की माझ्याजवळ एक ज्यू मित्र राहतो आहे. त्याचा बुद्धीने अहिंसेवर विश्वास आहे, पण हिटलरसाठी आपल्याला प्रार्थना करता येत नाही, असे तो म्हणतो. त्याच्या रागावरून मी त्याच्याशी भांडत नाही, असेही त्यांनी पुढे लिहिले. याला पाच महिने झाले, आणि गांधीजींनी अबोटाबादहून त्या सात वाक्यांच्या वर 'प्रिय मित्र' असे लिहिले.